ब्याण्णव मुलींची यादी

११ मार्च, बुधवार
नौकाघर

टेसा,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू पत्र न फोडताच कचऱ्यात टाकशील, म्हणून पत्ता लेलंडकडून लिहून घेतला. माझ्या नवऱ्याचं अक्षर तू पाहिलेलं नाहीस. चौदा वर्षांनी लिहायला बसले आणि सुरुवातच अशी आडवळणानं. तू म्हणशील, कोच ग्लेंडा शूमाकर आहे तशीच आहे. आहेच.

आज आमची टीम बंद केली.

सकाळी दहाला सगळ्या मुली व्यायामशाळेत यंत्रांवर वल्हवत होत्या. अडतीस जणी. नदीवर अजून बर्फाचे तुकडे आहेत, म्हणून आत. फोनवर निरोप आला की ताबडतोब सभा, इथं दाबा. त्यांनी घामेजल्या हातांनी दाबलं. पडद्यावर रँडल प्रूइट. तू गेल्यावर दोन वर्षांनी तो क्रीडासंचालक झाला. त्याच्या मागे फुटबॉलच्या मैदानाचं चित्र. चार मिनिटं बोलला. पुढच्या हंगामापासून मुलींचं नौकानयन नाही, शिष्यवृत्त्या या वर्षाअखेर संपतील, सर्वांचे आभार. प्रश्न विचारायची सोय त्यांनी बंदच ठेवली होती. आमची कप्तान नायेली हात वर करून बसली होती, शाळेत करतात तसा. तिला वाटलं, त्याला दिसतोय. सभा संपून पडदा काळा झाला तरी हात वरच होता.

मलाही तेव्हाच कळलं.

दुपारी त्याच्या खोलीत गेले.

"बस ग्लेंडा. कॉफी घेतेस?"

"कॉफी राहू दे. फुटबॉलच्या त्या ट्रकवाल्या पोराला किती देता ते सांग."

"पुन्हा तेच?"

"अकरा लाख डॉलर. वर्षाचे. माझं गावभर कळतं, तसं तुझंही कळतं. माझ्या अख्ख्या टीमचा खर्च त्याहून कमी आहे."

"बाई गं, त्याला इथं अकरा दिले नाहीत तर शेजारचं राज्य पंधरा देईल. तो गेला की मैदान रिकामं. मैदान रिकामं झालं की तुझ्या नौका कशावर चालतील?"

"तो आहे तरी नौका गेल्याच की."

"हे बघ, तू नेहमी असं तोडून बोलतेस," तो म्हणाला, आणि माझ्यासाठी ओतलेली कॉफी स्वतः प्यायला.

तुझ्या वेळी खेळाडूनं कुणाच्या पैशानं बर्गर खाल्ला तरी चौकशी लागायची, आठवतं? आता पाच वर्षं झाली, खेळाडूंना जाहिराती करून पैसे घेता येतात. ऐकायला बरं वाटतं. मलाही वाटलं होतं, पोरांना दोन पैसे मिळतील, त्यात वाईट काय. पण गावातल्या शेठ लोकांनी एक निधी काढला, नाव जाहिरातीचं आणि काम पगाराचं. चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक पोरगा ट्रकच्या टपावर बसून दात दाखवतो, एवढीच जाहिरात. गेल्या वर्षापासून तर विद्यापीठही आपल्या तिजोरीतून खेळाडूंना थेट पैसे देतं. शंभरातले पंचाऐंशी फुटबॉलला, मुलांच्या बास्केटबॉलला दहा. उरलेल्या पाचांत आम्ही सगळ्या.

हॅल्व्हरसनबाईंनी दर तीन वर्षांनी एक नौका दिली. सत्तावीस वर्षं. आता त्या पैसे निधीला देतात. मी भेटायला गेले तर म्हणाल्या, "ग्लेंडा, त्या पोरानं मला मिठी मारली. तुझ्या मुली नुसती कार्डं पाठवतात."

आमच्यातल्या एकीलाही जाहिरात मिळाली, बरं का. कोपऱ्यावरच्या सँडविचच्या दुकानानं महिन्याला एक सँडविच देऊ केलं, फोटोच्या बदल्यात. शीतपेय त्यात धरलेलं नाही.

मुद्द्यावर येते. शिकागोत तू अशाच खटल्यांची वकिली करतेस, हे मी ठेवलंय लक्षात. मुलींकडे वकील नाही. त्यांच्यासाठी उभी राहा. वसंतातला हंगाम मेपर्यंत आहे, त्याआधी कोर्टानं हे बंद करणं थांबवलं तर टीम वाचेल. नंतर मुली पांगतील, नौका विकल्या जातील, मग कोर्टानं काही म्हटलं तरी बैल गेला आणि झोपा केला. माझ्यासाठी मागत नाही. माझ्यासाठी मागायचं तोंड मला नाही.

ग्लेंडा शूमाकर

२९ मार्च, रविवार

टेसा,

तू खटला घेतलास हे मला नायेलीकडून कळलं. मला तुझी एक ओळही नाही, ते योग्यच आहे.

नायेली ओर्तिझ तुझ्याशी बोलून नाचतच नौकाघरात आली. "कोच, वोंद्राबाई भारी आहेत! फोनवर वीस मिनिटांत माझ्याकडून सगळं काढून घेतलं. एवढ्या भराभर बोलतात, मला वाटलं आता म्हणतील, वल्ही आत घे."

"ती कॉक्स होती. नौकेच्या शेपटाशी बसून आठ जणींवर ओरडायचं तिचं काम. सवय जात नाही."

"मी विचारलं, तुम्ही आमच्या कोचच्या हाताखाली होता ना, कशा होत्या त्या?"

"मग?"

"म्हणाल्या, पुढचा प्रश्न."

हसले मी. मग नौकेच्या पाठीला मेण लावत बसले, बराच वेळ.

या मुलीविषयी तुला सांगते, कारण दावा तिच्या नावानं आहे. उंची सहा फूट. आई मांसाच्या कारखान्यात कापणीच्या पट्ट्यावर उभी असते, तिला इंग्रजी फारसं येत नाही. घरातून कॉलेजात आलेली नायेली पहिलीच. इथं येईपर्यंत नदी तिनं पुलावरूनच पाहिलेली. पहिल्या महिन्यात तिच्या तळहातांची सालं निघाली, तर तिनं आईचं हात बांधायचं तंत्र वापरलं, कारखान्यातलं, आणि सगळ्या टीमला शिकवलं. आता अर्धी शिष्यवृत्ती आहे. अजून एक वर्ष राहिलंय. शिष्यवृत्ती गेली तर ते वर्ष होणार नाही, आणि हे ती तुला सांगणार नाही. विचारलंस तर म्हणेल, बघू काहीतरी.

तू विचारलं होतंस म्हणे, मुलींचं नौकानयन बंद करून हे लोक कायद्यातून सुटतात कसे. कायदा तर तुला माझ्याहून जास्त ठाऊक. विद्यार्थ्यांत मुली निम्म्याहून जास्त, तर खेळातल्या जागाही तेवढ्या हव्यात. फुटबॉलचे हेल्मेटवाले एकशेपाच मुलगे एकीकडे मोजले की दुसरीकडे तेवढ्या मुली आणायच्या कुठून? म्हणून तर मक्याच्या शेतांच्या मधोमध या लोकांनी नौका आणल्या. एका नौकेत आठ मुली बसतात आणि यादीत कितीही. आता त्यांना स्वस्तातला उपाय सापडला आहे. पळणाऱ्या मुली तीनदा मोजतात. शरद ऋतूत रानातली शर्यत, हिवाळ्यात छपराखालची, वसंतात मैदानावरची. मुलगी तीच, आकडा तीन.

हे त्यांना कुणी शिकवलं असेल, ते असो.

तुझ्या कचेरीतून प्रश्नांचा कागद आला. सातवा प्रश्न: दर वर्षी प्रत्यक्ष किती मुली वल्हवत होत्या. मी लिहिलं, "यादीप्रमाणे." तेवढं पुरे व्हावं. बाकीचे प्रश्न सोपे होते.

लेलंडचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा चालू आहे. तू विचारलं नाहीस, मीच सांगते. तो तुझ्या आवाजाची आठवण काढतो. काठावरून ऐकू यायचा म्हणतो.

ग्लेंडा

१६ एप्रिल, गुरुवार

टेसा,

विद्यापीठाचं उत्तर नायेलीनं मला वाचून दाखवलं. तिच्या आवाजात ऐकायची शिक्षा मला व्हायलाच हवी होती.

"मुलींना नौकानयनाची ब्याण्णव जागांची संधी दर वर्षी दिली गेली. त्यांपैकी सरासरी चोपन्न मुली पहिल्या शर्यतीनंतर सोडून जातात. यावरून मुलींना या खेळात पुरेसा रस नसल्याचं स्पष्ट होतं." खाली पुरावा म्हणून अठरा वर्षांच्या याद्या. प्रत्येक यादीवर माझी सही.

नायेलीनं विचारलं, "कोच, चोपन्न कोण?"

मी म्हटलं, "वाच पुढे."

तुला माहीत आहेत चोपन्न कोण. आपण त्यांना बूटवाल्या म्हणायचो. सप्टेंबरात मी कॅफेटेरियाच्या रांगेत उभी राहायची, ज्या दिवशी राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल असतात त्या दिवशी, कारण रांग लांब. उंच मुलगी दिसली की, "ए, वल्हवायला येतेस? नुसतं नाव दे. तीन आठवडे ये, एका शर्यतीला काठावर उभी राहा, बूट आणि टी-शर्ट तुझा." मोजणी पहिल्या शर्यतीच्या दिवशी व्हायची. त्या दिवशी यादीत जेवढ्या, तेवढ्या वर्षभर. दुसऱ्या दिवशी त्या बूट घालून निघून गेल्या तरी सरकारदरबारी त्या माझ्या नौकेतच बसलेल्या. सगळ्या कोच करत होत्या. मी जरा जास्त चांगलं करत होते. इतकं की पळणाऱ्या मुलींच्या नव्या कोचला शिकवायला रँडलनं मला पाठवलं आणि मी मान मिळाल्यासारखी गेले, यादी कशी भरायची ते फळ्यावर लिहून दिलं. माझा हिशेब साधा होता. त्यांना माझा आकडा लागतो तोवर माझ्या टीमला मरण नाही. तो आकडा दुसऱ्यालाही आणता येतो हे मीच दाखवून दिलं.

आता चौदा वर्षांपूर्वीचं. सरकारकडून तपासनीस बाई आल्या होत्या. तू कप्तान होतीस, एकवीस वर्षांची. तू त्यांना सरळ सांगितलंस की यातली अर्धी नावं मी नौकेत कधी पाहिलेली नाहीत, आणि या खोट्या नावांच्या जोरावर विद्यापीठ मुलींची दुसरी एकही टीम काढत नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "टेसा गुणी मुलगी आहे. पण पहिल्या नौकेतून काढल्यापासून चिडलेली आहे. कॉक्सला स्वतःच्या आठच दिसतात. माझ्या सगळ्या मुली वल्हवतात." आणि शपथेवर तसं लिहून दिलं.

तू खोलीतून गेलीस ती गेलीसच. टीमनंही तुला वाळीत टाकलं, आणि मी टाकू दिलं.

आता जे तुला माहीत नाही ते. तुला पहिल्या नौकेतून मी आदल्या आठवड्यात काढलं, ते तुझं काही चुकलं म्हणून नाही. तू काय बोलणार आहेस ते माझ्या कानावर आलं होतं. तुझ्या बोलण्याला कुणी किंमत देऊ नये म्हणून कारण आधीच तयार करून ठेवलं. तू कदाचित इतकी वर्षं समजत असशील की त्या वसंतात तू खरंच कमी पडलीस. नाही. माझ्या हाताखाली तुझ्याइतकी चांगली कॉक्स झाली नाही.

हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी नीच वागले. दुसरा शब्द शोधला, मिळाला नाही.

मी साक्षीला येते. सगळं सांगते. त्या चोपन्न मुलींना कधी वल्हवायचंच नव्हतं आणि विद्यापीठाला ते माहीत होतं, हे सांगणारी मी एकटीच आहे. तारीख कळव.

ग्लेंडा

२४ एप्रिल, शुक्रवार

टेसा,

काल तुझा फोन आला तेव्हा मी भांडी घासत होते. चौदा वर्षांनी आवाज ऐकला आणि पहिलं काय मनात आलं सांगू? घसा बसलाय हिचा, कोमट पाणी प्यायला हवं. मग तू बोलायला लागलीस.

जे बोललो ते इथं लिहून ठेवते, म्हणजे पुढे मला ते बदलून सांगता येणार नाही.

"कोच, तुम्हाला साक्षीला बोलावत नाहीये."

"का? खरं सांगते म्हटलं ना मी."

"तुम्ही उभ्या राहिलात की त्यांचा वकील पहिल्यांदा तुमचा जुना कागद काढेल. शपथेवरचा. त्यात मी खोटारडी आहे. मग कोच तेव्हा खोटं बोलत होत्या की आता, आणि मुलींची वकील सूड उगवतेय का, एवढीच चर्चा होईल. मुलींचं कोण ऐकेल?"

"मग मी काय करू?"

"काही नाही."

"टेसा, काहीतरी असेल."

"तुमचा उपयोग नाही, कोच. रागानं म्हणत नाहीये. खरंच नाही."

रागानं म्हणाली असतीस तर बरं झालं असतं.

आणि मग तू तो प्रश्न विचारलास, तुम्ही विद्यापीठाबरोबर काही करार केलाय का? मी म्हटलं, ओव्हनमध्ये काहीतरी जळतंय, आणि फोन ठेवला. ओव्हन बंद होता.

केलाय. नऊ मार्चला, सोमवारी. मुलींना बुधवारी सांगितलं, मला सोमवारीच. पहिल्या पत्रात "मलाही तेव्हाच कळलं" लिहिलं, ते खोटं होतं. दोन दिवस मी त्या मुलींना यंत्रांवर घाम गाळायला लावत होते, "अजून दहा, एप्रिलच्या शर्यतींसाठी" म्हणत होते, आणि मला माहीत होतं.

रँडलनं कागद पुढे सरकवला. दोन वर्षांचा पगार, आणि लेलंडचा आरोग्यविमा त्याच्या पासष्टीपर्यंत. बदल्यात विद्यापीठाविषयी कुठंही, कोर्टातसुद्धा आपण होऊन, एक शब्द बोलायचा नाही. "तुझ्या लेलंडचा विचार कर," तो म्हणाला. "मी असतो तर केला असता." माणूस वाईट नाही गं तो. ते जास्त त्रासाचं आहे. मी वाचलंसुद्धा नाही पूर्ण. सही करायची सवय लागली की हात आपोआप चालतो.

म्हणजे तुला पत्र लिहिलं तेव्हाच माझं तोंड विकलेलं होतं. मुलींना कुणीतरी हवं होतं जे बोलेल, आणि ते मी नव्हते, म्हणून तुला बोलावलं. चौदा वर्षांपूर्वी ज्या मुलीचं बोलणं मी मारलं, तिच्याकडेच बोलणं मागायला आले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तसं माझं झालंय. फक्त दाबणारा हात माझाच आहे.

काल संध्याकाळी लेलंडला सांगितलं. तो खुर्चीत बसून ऐकत होता, हातावरच्या सुईच्या गाठी चोळत. म्हणाला, "माझ्या नावानं केलंस. मला विचारायचं तरी." पुढे तो जेवला नाही.

तरी मी येणार. तू बोलावलंस तर विमा गेला तर जाऊ दे, असं लेलंडच म्हणतोय. तू बोलावणार नाहीस हे मलाही ठाऊक आहे. म्हणून असं लिहिणं सोपं जातंय का? माहीत नाही. मला आता माझंच कळत नाही.

ग्लेंडा

१४ मे, गुरुवार

टेसा,

तू कोर्टातून सरळ विमानतळावर गेलीस. नंतर काय झालं ते तुला माहीत नाही, आणि तू काय पाहिलंस ते मला माहीत नाही. मी तिसऱ्या रांगेत होते. तू एकदा मागे वळलीस, पण ते घड्याळासाठी असेल.

नायेली चांगली बोलली. हातांचं सांगितलं, शिष्यवृत्तीचं सांगितलं. पहाटे नदीवर आठ जणी एका दमात ओढतात तेव्हा नौकेखालून पाण्याचा आवाज येतो, तो ऐकण्यासाठी मी उठते, म्हणाली. न्यायाधीशबाई लिहायच्या थांबल्या. मला वाटलं, वाचलो.

मग विद्यापीठाचा वकील उठला. किती गोड बोलत होता.

"मिस ओर्तिझ, तुम्ही या टीममध्ये कशा आलात?"

"कोचनी कॅफेटेरियात विचारलं. उंच आहेस म्हणाल्या. बूट मिळतील म्हणाल्या."

"आणि तुमच्याबरोबर आणखी एक्क्याण्णव मुलींना विचारलं. बरोबर? त्यांनाही बूट मिळाले?"

"हो."

"एप्रिलमध्ये तुम्ही अडतीस होता. बाकीच्या कुठे गेल्या?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. टेसा, ते तू पाहिलंस का? तुझ्याकडे नाही, माझ्याकडे. तीन वर्षं सुरुवातीच्या रेषेवर, काठावरच्या माझ्याकडे ती असंच पाहायची, सोडू का म्हणून. मी खाली पाहिलं. ही मुलगी शपथ घेऊन उभी होती आणि तिला खोटं बोलता येत नव्हतं.

"त्यांना यायचंच नव्हतं," ती म्हणाली.

"म्हणजे आम्ही मुलींना बूट देऊन बोलावलं, तरी त्या आल्या नाहीत. माझा प्रश्न संपला."

तू उठून विचारलंस, मग त्यांची नावं का लिहिली होती. तो म्हणाला, हे साक्षीदाराला माहीत असणं शक्य नाही, नावं कोचनी लिहिली आहेत. न्यायाधीशबाई म्हणाल्या, बरोबर आहे. माझ्यापासून साक्षीच्या कठड्यापर्यंत दहा पावलं असतील. कुणी बोलावलं नसलं तरी माणूस उभं राहू शकतं. फार तर बाहेर काढतात. मी बाकाची कड धरून बसून राहिले. उठायला हवं होतं. उठले नाही.

पुढचं तुला पाठ असेल. मुलींविषयी सहानुभूती, पण टीम बंद करणं थांबवण्याइतका पुरावा नाही.

बाहेर पायऱ्यांवर मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. नायेली रडत नव्हती. ती आईला घेऊन माझ्याकडे आली. डेल्फिनाबाई पाळी बदलून आल्या होत्या, कपाळावर कारखान्यातल्या केसांच्या जाळीचा वळ तसाच होता.

"कोच, एक विचारू?"

"विचार."

"मी आत बोलले त्यामुळे हरलो का?"

"नाही. तू खरं बोललीस. हरलो ते माझ्यामुळे."

मग म्हणाली, "आणि त्या दिवशी, रांगेत. मी राहीन असं वाटलं होतं ना तुम्हाला? मला बघून?"

टेसा, इथं एक 'हो' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? कुणाचं नुकसान नव्हतं. पण मला वाटलं, आज तरी, एकदा तरी. तुझ्यासमोर नाही जमलं, निदान हिच्यासमोर.

"नाही," मी म्हटलं. "तुझ्या नावापुढे मी ऑक्टोबर लिहिलं होतं. ऑक्टोबरपर्यंत जाशील म्हणून. तू राहिलीस ते तुझं तू राहिलीस. मी तुला टीमसाठी निवडलं नव्हतं. आकड्यासाठी निवडलं होतं."

तिनं मान हलवली, जशी सराव संपल्यावर वेळ सांगितली की हलवायची. रागावली नाही. रागावली असती तर मी आता हे लिहीत नसते.

डेल्फिनाबाई आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांनी मुलीची बाही ओढली. काय म्हणतेय, काय म्हणतेय कोच, सांग ना. एवढं स्पॅनिश मला येतं. इतकी वर्षं या मुलींत राहून आलंय, पण त्या दोघींना ते माहीत नाही.

नायेलीनं आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, त्या म्हणतायत, पहिल्याच दिवशी त्यांनी मला ओळखलं होतं. हजार मुलींतून."

डेल्फिनाबाईंचा चेहरा फुलला. त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कितीतरी वेळा आभार मानले, देव तुमचं भलं करो म्हणाल्या. त्यांचे हात गार आणि खरबरीत होते. नायेली बाजूला उभी राहून दुसरीकडे बघत होती. जी मुलगी कोर्टात शपथेवर खोटं बोलू शकली नाही, ती बाहेर येऊन माझ्यासाठी पहिलं खोटं बोलली, आणि इतक्या सहज, की मी ओळखलं कुणाकडून शिकली.

मला त्यांच्या भाषेत एवढं म्हणता आलं असतं, की नाही बाई, मी तिला ओळखलं नव्हतं.

मी म्हटलं, तुमची मुलगी फार गुणी आहे. आणि हात सोडवून घेतला नाही.

ग्लेंडा